आपल्या घरातला शब्द

३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तब्येत बरी, जेवण बरं, झोप बरी, असं लिहिलं आहेस. मी आईच्या कानाशी तोंड नेऊन वाचून दाखवलं, तर म्हणाली, "एवढं सगळं बरं असतं तर त्याने पानभर तरी लिहिलं असतं." कान गेले तरी तिचं बाकीचं शाबूत आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो. मी ठीक आहे.

तिथे पत्रं आधी उघडून वाचतात, असं तुझे वकील म्हणाले. तेव्हा तुझ्याआधी जे कोणी हे वाचत असतील त्यांना नमस्कार. अक्षर बारीक आहे, सांभाळून घ्यावं.

लॅबमध्ये काम भरपूर. माणसांचे दात पडायचे काही थांबत नाहीत. सध्या एका निवृत्त गाण्याच्या मास्तरांनी डोकं खाल्लंय. त्यांची कवळी पुन्हा परत आली. 'स' म्हणताना शिट्टी वाजते म्हणे. मी पुढचे दात केसभर घासून दिले, शिट्टी गेली. आता म्हणतात, 'फ' म्हणताना वारा सुटतो. आमचे डॉक्टर म्हणाले, त्यांना म्हणावं, स आणि फ नसलेली गाणी गा. हे तुला सांगायचं म्हणून मुद्दाम लक्षात ठेवलं होतं.

तुझी बायको दर रविवारी येते. आईच्या तोंडचं 'सूनबाई' आता माझ्याही तोंडात बसलंय. तुझ्या मालवाहू गाड्या पोलिसांनी नेल्या, ऑफिसला सील लागलं, म्हणून तिने पुन्हा चष्म्याच्या दुकानात काम धरलंय. डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या. तुझ्याबद्दल बोलते, पण आरोपाबद्दल अवाक्षर काढत नाही. मीही विचारत नाही. आम्ही तिघी मिळून टीव्ही बघतो, आईसाठी आवाज मोठा करून. बोलावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मागच्या आठवड्यात तपास अधिकारी बाई घरी आल्या होत्या. आवाज न चढवता बोलतात. त्यांनी मला जे सांगितलं ते तुला तुझ्या वकिलांनी सांगितलं असेलच, तरी लिहिते, म्हणजे मला कितपत कळलं ते तुला कळेल.

तू ज्या गोदामातून थंड ठेवाव्या लागणाऱ्या औषधांची खोकी उचलायचास, तिथला वॉचमन गेल्या वर्षी मारहाणीत गेला. मारणारे दोघं सापडले, पण ते तोंड उघडत नाहीत. त्यांना कुणीतरी तसं करायला सांगितलं, आणि ते सांगणं एका खास फोनवरून झालं. त्या फोनवरचा निरोप पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सोडून कुणालाच वाचता येत नाही, मधल्या कंपनीलासुद्धा नाही, आणि वाचून झाला की आपोआप पुसला जातो. पण पोलिसांनी कुठूनतरी त्या कंपनीच्या यंत्रणेत हात घातला आणि हजारो निरोप त्यांच्या हाती आले. कसा घातला ते बाई सांगत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, मलाही सांगितलेलं नाही.

आता अडचण अशी की त्या निरोपांवर कुणाचंच खरं नाव नाही. टोपणनावं. त्यातला 'घुबड' नावाचा माणूस म्हणजे तू, असं त्यांचं म्हणणं. तुझा तो फोन त्यांना गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सापडला. त्यातून काही निघालं नाही. म्हणून तुझं बोलणं ज्याला माहीत आहे अशा कुणीतरी ते निरोप वाचावेत आणि हा तूच का ते सांगावं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. छापील कागदांचा जाडजूड गठ्ठा होता. मी म्हटलं, चष्मा दुरुस्तीला टाकलाय. चष्मा माझ्या ॲप्रनच्या खिशात होता आणि त्याची दांडी बाहेर डोकावत होती. त्यांनी पाहिली. परत येते म्हणाल्या.

तेव्हा मी अजून काही वाचलेलं नाही. तुला मला काही सांगायचं असेल तर सांग. नसेल तरी पत्र लिही, जरा मोठं.

आई विचारते, पांघरूण पुरेसं आहे का.

तुझी
ताई

१९ मे

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा आहे. गाण्याच्या मास्तरांची कवळी बसली. दाराशी उभं राहून त्यांनी आम्हाला एक आख्खं कडवं ऐकवलं, आणि खरं सांगते, कवळीत काही दोष नव्हता, दोष गळ्यातच होता.

तुझा निरोप सूनबाईने सांगितला. छापील कागदावरून कुठलं बोलणं कुणाचं ते कोण सांगणार, ताईने म्हणावं, खात्री देता येत नाही. तुझे वकीलही येऊन गेले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाहीये. खात्री नाही म्हणणं हे खोटं नसतं." फार सभ्य माणूस आहे. गेल्यावर मी ती खुर्ची उगाचच पुसली.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी काही वाचलेलं नाही. वाचलं होतं. बाई आईशी बोलत होत्या, आणि आईशी बोलायचं म्हणजे सगळं लक्ष तिच्याकडे द्यावं लागतं. तेवढ्यात मी खिशातून चष्मा काढला आणि वरचं पान बघितलं. चौथ्या की पाचव्या ओळीत घुबड कुणाला तरी लिहितो, "त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस, तो एक नंबरचा सटकफळ आहे."

मी चष्मा काढून पुन्हा खिशात टाकला.

पाहुणे तुला शेंडेफळ म्हणून मांडीवर घ्यायचे आणि भांडी घासायची वेळ झाली की तू गायब व्हायचास. तेव्हा रागाच्या भरात मी म्हटलं होतं, हे कसलं शेंडेफळ, हे सटकफळ आहे. बाबा हसले, म्हणून तो शब्द घरात राहिला. घराबाहेर तो कुणाला माहीत नाही. बाईंनी ते पान कितीदा वाचलं असेल. त्यांना वाटलं असेल, असेल काहीतरी त्या लोकांतली बोली.

पुढे मी त्यांना लॅबमध्ये बोलावलं आणि सगळा गठ्ठा वाचला. दुपारी डॉक्टर जेवायला गेले की माझ्या टेबलावर, मेणाच्या आणि प्लास्टरच्या साच्यांमध्ये कागद पसरून. बाई समोर बसून खिडकीबाहेर बघायच्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मला वाटलं होतं, आत कुणीतरी परका माणूस असेल. मग मला सोपं गेलं असतं. पण तूच होतास रे. गाडी अजून हलवलेलीसुद्धा नाही आणि "निघालोच" म्हणणारा. प्रत्येक दटावणीच्या शेवटी "बरं का" लावणारा. एका माणसाच्या आईच्या कानात पू झाला होता, तर त्याला तू लिहितोस की थेंब घालायच्या आधी बाटली मुठीत धरून कोमट कर, गार थेंबाने म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते. हे मी तुला शिकवलंय. त्या पानावर मी खूप वेळ थांबले. त्याच्या पुढच्याच पानावर तारीख उलटलेल्या औषधांवर नवी लेबलं कुठे लावायची त्याचं बोलणं होतं. त्याच माणसाशी.

आणि मग ते वॉचमनचं. त्याने खोकी उघडी बघितली, तो कुणाकडे तरी तक्रार घेऊन जाणार असं तुम्हाला कळलं. घुबड लिहितो, "वॉचमनला नीट समजावा, बरं का."

तुझे वकील म्हणतात, ह्यात गुन्हा कुठे आहे. समजावणं म्हणजे समजावणं. कुणीही वाचलं तर तेच म्हणेल. कुलूप उघडलं, कागद छापले, तरी त्या शब्दापाशी येऊन पोलीस थांबलेत. पण बाबांनी आपल्याला कधी 'मारीन' म्हटलं नाही, आठवतं ना. ते पेपर घडी करून ठेवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "ये आत, तुला नीट समजावतो." आतलं दार लागायचं. तू बाहेर आलास की मी तुझ्या पाठीवर ओला फडका ठेवायचे आणि तू दात आवळून म्हणायचास, दुखत नाही.

मी स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं की तुला नुसतं घाबरवायचं असेल. चार फटके. आपल्याला पडायचे तेवढे. आपण मेलो नाही, तो मेला. मार तोच असतो का सगळीकडे, मला माहीत नाही.

आईने विचारलं, त्या कागदांत काय होतं. तिच्याशी काही हळू बोलता येत नाही, आणि हे मोठ्याने सांगायला माझी जीभ उचलेना. तिनेच विचारलं, "तो आहे का त्यात?" मी मान हलवली. बराच वेळ ती साडीच्या काठाला चुण्या घालत राहिली. मग म्हणाली, "मग काय करायचं ते मला विचारू नकोस."

म्हणून विचारलं नाही. मला साक्षीचं समन्स आलंय. बाईंना मी अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. पण हे इथे लिहिलं म्हणजे सांगितल्यासारखंच झालं, तिथे वाचणारे वाचतीलच, हे मला कळतं. आईखेरीज दुसऱ्या कुणाला सांगायच्या आधी तुला सांगायचं होतं, आणि तुझ्यापर्यंत पोचायला मला ह्याशिवाय वाट नाही.

सूनबाईला मी आज सांगणार आहे. ती माझ्याशी बोलायची नाही.

जपून राहा. पाणी पीत जा.

तुझी
ताई

८ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद.

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, आणि कोर्टात तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तेव्हा माझ्या बाजूने तो दिवस कसा गेला ते तुला माहीत असायचं कारण नाही. लिहिते.

साक्षीच्या दिवशी मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. शेजारी एक बाई, माझ्याच वयाची, मांडीवर रेक्झिनची पिशवी. तिचा चष्मा जुना होता, समोरच्या दारावरचा नंबर तिने मला वाचायला सांगितला. मग आपलं सांगत बसली. हॉस्पिटलच्या कपडे धुण्याच्या खात्यात काम करते. नवरा गोदामावर वॉचमन होता. आयुष्यभर रात्रपाळी, म्हणून दिवसा घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, अशी घराला सवय. तो गेल्यावरही घर कुजबुजतच बोलतं, म्हणाली. मग तिने विचारलं, "तुमचं कोण आहे ह्यात?"

मी म्हटलं, "भाऊ."

तिला वाटलं, माझाही भाऊ तिच्या नवऱ्यासारखाच कुठेतरी गेला. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आतलं तू ऐकलंच आहेस. तुझ्या वकिलांनी विचारलं, हा सटकफळ शब्द कोणत्या शब्दकोशात आहे. मी म्हटलं, कुठेच नाही, मी केलेला आहे. मागे कुणीतरी हसलं. मग सरकारी वकिलांनी ते वाक्य वाचलं आणि विचारलं, तुमच्या घरात 'नीट समजावणे' ह्याचा काय अर्थ होता. मला बाबांचं कपाटावर ठेवलेलं घडीचं वर्तमानपत्र दिसलं. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि त्यांना चारचौघांत उघडं पाडायची पाळी माझ्यावर आली. मी म्हटलं, "आमच्या घरात त्याचा अर्थ मार." तेव्हा तू मान वर केलीस. पण माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघितलंस.

बाहेर आले तेव्हा ती बाई तिथेच होती. आतलं तिने दारातून ऐकलं होतं. मला वाटलं, तोंड फिरवेल. तिने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला बसायला जागा करून दिली. आभार मानले नाहीत. मी बसले.

त्यानंतर सूनबाई रविवारी यायची बंद झाली. आईला फोन करते, मला नाही. आई माझ्याशी सगळं बोलते, हे सोडून. तुझं ताट मात्र तिने कपाटातून काढून ओट्यावर ठेवलंय आणि ते हलवू देत नाही.

आणि आता हा निकाल.

मला कळला तो असा: न्यायाधीशांनी पोलिसांना विचारलं होतं की हे निरोप तुम्ही नेमके कसे मिळवले ते दाखवा. पोलिसांनी नकार दिला. ते सांगितलं तर दुसरीकडची चालू कामं कोलमडतील, म्हणाले. मग न्यायाधीशांनी लिहिलं की जी पेटी कशी उघडली ते कुणी सांगायला तयार नाही, तिच्यातल्या कागदात मधल्यामध्ये कुणी काही घातलं नाही ह्याची खात्री कोर्टाला कशी व्हावी. निरोप बाद. आणि निरोपच नाहीत म्हटल्यावर ते कुणाचे हे सांगणारी माझी साक्षही बाद. मारणाऱ्या दोघांना शिक्षा झाली, त्यांना बघणारे लोक होते. सांगणारा कोण, ह्याचा पुरावा उरला नाही. राहिला फक्त पाण्यात भिजलेला एक फोन.

न्यायाधीश चुकले असं मला म्हणता येत नाही. उद्या कुणी माझ्या नावावर चार ओळी छापून आणल्या तर मीही हेच मागेन. त्यांचं वाचून दाखवणं चालू होतं तोवर मला ते पटत होतं. मग मी वॉचमनच्या बायकोकडे बघितलं.

बाहेर तिने तपास अधिकारी बाईंना थांबवलं आणि विचारलं, "म्हणजे ते खरं होतं, पण चालणार नाही, असं का?"

बाई म्हणाल्या, "हो. असंच."

एवढंच. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी ह्या कामावर जवळजवळ दोन वर्षं घातली, आणि पेटी कशी उघडली ते त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. तेवढ्यात तुझे वकील आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, अभिनंदन, भाऊ सुटतोय. त्यांना बहुधा विसर पडला होता मी कुणाकडून बोलले त्याचा. किंवा पडला नसेल.

आनंद झाला का मला? झाला. तो लपवत नाही. रस्त्याने येताना मी दोनदा थांबले, इतकं हलकं वाटलं. आणि घरी येऊन ॲप्रन घालताना लक्षात आलं की मला हलकं वाटायला नको होतं.

कागदपत्रं व्हायला काही दिवस लागतील, मग तू येशील. काल सूनबाईने फार दिवसांनी मला फोन केला. म्हणाली, त्यांनी सांगितलंय, ताईवर माझा राग नाही, मी सगळं विसरलो. तिला वाटलं, मी रडेन. धाकट्या, तुझी माफी मला घेता येत नाही. मी तुझं काही बिघडवलेलं नाही. मी तुझं बोलणं ओळखलं, आणि विचारल्यावर ओळखलं असं सांगितलं. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन.

घर तुझं आहे. ये. आई तुझ्या ताटावर हात फिरवत बसलीय, तिला मी काही म्हणणार नाही, तुलाही तिच्यासमोर काही म्हणणार नाही. तू जेव, झोप, पाय पसरून बस. पण मी काही घडलंच नाही असं वागेन, ही आशा ठेवू नकोस.

निकालाच्या दिवशी ती बाई बसथांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. आपण आता काय करणार, असं काही तिने विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "कोर्टाचं जाऊ द्या. तुम्ही भावाला विचाराल का, आमचे हे मरतील असं त्यांना माहीत होतं का? मला कुणाला सांगायचं नाही. मला नुसतं कळू दे." मी म्हटलं, विचारते. बस आली, ती चढली, आणि खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली.

तर विचारते. तिला काय सांगू?

तुझी
बहीण